जांभळीवरचा बांदा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, नागपुरात शहाणा माणूस उजाडल्यावर इतवारीकडे गाडी घालत नाही. मारबतीची मिरवणूक निघते, रस्ते बंद होतात, आणि तुम्ही कितीही मोठ्या कामाला निघालेले असा, दुपारपर्यंत गर्दीत घाम पुसत उभं राहावं लागतं. म्हणून सिंधूताई मेश्राम पहाटेच आंघोळ करून, भाकरी-ठेचा बांधून, फाटकाशी येऊन उभ्या होत्या. उन्नती स्कूटर घेऊन साडेपाचला येणार होती. एकतीस वर्षं थांबलेल्या बाईला हा शेवटचा तास मात्र काही केल्या संपेना. त्यांनी शेजारच्या कुत्र्यालासुद्धा दोनदा विचारलं, किती वाजले म्हणून.

सिंधूताई म्हणजे कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागातल्या निवृत्त परिचर. कागदावर परिचर, बरं का. खरं तर अठ्ठावीस वर्षं तो विभाग त्यांनीच चालवला, फक्त हे कोणी मान्य करणार नाही. पोरांनी आणि मास्तरांनी रानातून आणलेला पाला जुन्या पेपरात दाबायचा, वाळवायचा, जाड कागदावर डिंकानं चिकटवायचा आणि उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी लावायची. चिठ्ठीवर झाडाचं नाव, गाव, तारीख, आणि शेवटच्या ओळीत 'संग्राहक', म्हणजे ज्यानं ते झाड शोधलं त्याचं नाव. सिंधूताईंचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून चिठ्ठ्या त्यांच्याच गळ्यात. आजही त्या कपाटांत अकरा हजार शीटं आहेत. अकरा हजारांवर अक्षर सिंधूताईंचं आणि नाव दुसऱ्याचं. निम्म्यांवर तर एकच नाव, डॉ. वि. ना. देवस्थळे.

तर त्यांना एकदा, फक्त एकदा, त्या शेवटच्या ओळीत आपलं नाव पाहिजे होतं. यात हसण्यासारखं काही नाही. माणसं सार्वजनिक बाकड्यावर नाव कोरतात, बिचाऱ्या सिंधूताईंना तर फक्त दोन इंच कागद हवा होता.

आणि ते नाव लागलंही असतं, नोकरीच्या पहिल्याच वर्षी. देवस्थळे सरांची सहल काटोलच्या पुढे मोहझरीच्या नाल्यावर गेली होती. जेवणं झाल्यावर डबे विसळायला सिंधूताई नाल्यानं थोड्या वर गेल्या, आणि एका जुन्या जांभळीच्या खोडावर त्यांना फुलं दिसली. खोडभर जाड हिरवं शेवाळ, त्यात रुतून बसलेला पानांचा झुबका, आणि त्यातून खाली लोंबणारा तुरा. पांढऱ्या पाकळ्यांवर जांभळे ठिपके, मधली पाकळी गर्द जांभळी, वास वेलचीचा. सिंधूताई डबे तिथंच टाकून पळत आल्या आणि अख्ख्या सहलीसमोर ओरडल्या, "सर, लवकर चाला! तिकडे जांभळीवर बांदा फुलला!"

आता बांदा म्हणजे काय, ते तुम्ही कोणाला विचारता त्यावर आहे. सिंधूताईंच्या माहेरी, उमरेडकडे, झाडावर जे काही उगवेल ते सगळं बांदा. पण बाकी जगाला बांदा म्हणजे बांडगूळ. फांदीत मुळं खुपसून झाडाचा रस पिणारं, फुकटं, ऐतखाऊ. देवस्थळे सर चहा पीत होते. ते म्हणाले, "अगं, बांडगुळात काय बघायचं? डबे कुठायत?" पोरं खो-खो हसली. पुढं वर्षभर विभागात त्यांचं नाव बांदाबाई पडलं होतं. सिंधूताई पण हसल्या सगळ्यांबरोबर. नवी नोकरी होती, काय करणार? पण घरी आल्यावर त्या रात्री जेवल्या नाहीत.

दोन महिन्यांपूर्वी उन्नती रामदासपेठेतून मुद्दाम त्यांच्या घरी चहाला आली होती. उन्नती आता त्याच कॉलेजात शिकवते, पण पेपरात पान कसं दाबायचं ते तिला सिंधूताईंनीच शिकवलेलं. ती जिल्ह्यातल्या ऑर्किडांची यादी करत होती आणि मोबाइलवर फोटो दाखवत होती. एका फोटोशी थांबून म्हणाली, "हे मात्र आपल्याकडे नाही, मावशी. वर सातपुड्यात आहे. आपल्या जिल्ह्यात आजवर कोणालाच सापडलेलं नाही."

सिंधूताईंचा चहा बशीत सांडला. "अवं माय! हा त माझा बांदा होय वं!"

दुसरं कोणी असतं तर हसलं असतं. उन्नतीनं कप खाली ठेवला आणि सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "फूल मिळालं पाहिजे. फुलाशिवाय नोंद कोणी मानत नाही. मिळालं ना, तर संग्राहक म्हणून तुमचं नाव. शोध तुमचाच आहे."

झालं. त्या दिवसापासून सिंधूताईंना धड झोप नाही. फुलं पोळ्याच्या सुमारास होती हे त्यांना पक्कं आठवत होतं, आणि करीला कॉलेजला सुट्टी असते. भाचा विक्की काटोलच्या संत्रा मंडईत असतो, त्याच्याकडून त्यांनी मोहझरीच्या गणपतराव रेवतकरांचा नंबर काढला. रेवतकरांची बाग थेट नाल्याला लागून. चार दिवसांपूर्वी त्यांनी फोन लावला.

"नाल्यावरच्या जुन्या जांभळीवर बांदा आहे का जी अजून?"

"आहे ना बाई. लय माजला आहे."

"मी येऊन राहिली करीच्या दिवशी. कॉलेजच्या मॅडमले घेऊन."

"या ना, या. तुमी येयाच्या आधी सगळं एकदम चोख करून ठेवतो. काहीच काळजी करू नोका."

किती चांगला माणूस, असं सिंधूताईंनी नंतर गल्लीत पाच घरी सांगितलं.

तर असा सगळा बेत. उन्नती पावणेसहाला आली म्हणून बोलणी खाऊन झाली, आणि दोघी निघाल्या. सिंधूताईंच्या मांडीवर पानं दाबायची लाकडी प्रेस, पाठीवर पेपरांची रद्दी, आणि तोंड काटोल येईपर्यंत बंद नाही. "फूल असन ना वं?" हा प्रश्न त्यांनी कळमेश्वरपर्यंत चार वेळा विचारला आणि त्यानंतर उन्नतीनं मोजणं सोडलं. काटोल मागे पडलं, संत्र्याच्या बागा लागल्या. ओल्या मातीचा वास, गावागावात दारांशी पोळ्याला खोवलेल्या पळसाच्या फांद्या, कपाळावर शेंदराचे पट्टे मिरवणारे बैल. सिंधूताईंना सगळंच आज आपल्यासाठी सजवलंय असं वाटत होतं. वाटू द्या. कधीतरी वाटावं माणसाला.

मोहझरीच्या अलीकडेच त्यांनी स्कूटर लावली आणि बाजूनं नाल्यात उतरल्या. वर सागाचं साधं, उघडं रान. पण नाल्यानं थोडं आत गेलं की दोन्हीकडचे डोंगर जवळ येतात, वरची झाडं एकमेकांत शिरतात आणि ऊन खाली पोचतच नाही. तिथं सगळं हिरवं. दगड हिरवे, मुळं हिरवी, पडलेली लाकडं हिरवी. शेवाळ इतकं जाड की पाय ठेवला तर आवाज येत नव्हता. खोडांवरून पाणी निथळत होतं. उन्नती तर वेडीच झाली. इथं नेचे बघ, तिथं अळंबी बघ, दर पावलाला तिचा मोबाइल बाहेर.

"चाल वं, चाल! हे वापस येताना पाहू," सिंधूताई साडीचा काचा मारून पुढं. एकसष्ट वर्षांच्या बाईचे गुडघे दुखतात, असं म्हणतात. त्या दिवशी ते गुडघे कुठे होते कोण जाणे. "हा मोठा दगड. याच्यावर मी डबे ठेवले होते. अन् हे वळण. आता जांभूळ! बस, आता जांभूळ!"

जांभूळ होती. आणि सिंधूताई जागीच थबकल्या.

खोडावरचं शेवाळ लांबच लांब पट्ट्यांत ओरबाडून काढलेलं होतं. खालची काळी साल ओली, उघडी. सालीवर जागोजाग दोऱ्यासारखे पांढरे तुकडे चिकटून राहिलेले, ताजे. खाली चिखलात माणसांच्या पावलांचे ठसे आणि शिडीचे दोन खड्डे. बाकी काही नाही. पान नाही, झुबका नाही.

"कोणी तरी तोडलं," उन्नती म्हणाली. "आजच."

सिंधूताई खाली बसल्या आणि चिखल हातानं चाचपू लागल्या. रडायला येत होतं, आणि राग तर इतका की दात दुखायला लागले. एकतीस वर्षं जे झाड कोणाला नको होतं, ते नेमकं आजच कोणाला पाहिजे झालं? मग बोटांना काही तरी मऊ लागलं. त्यांनी ते तळहातावर घेतलं, पदरानं चिखल टिपला. एक फूल. पांढऱ्यावर जांभळे ठिपके, मधली पाकळी गर्द जांभळी. त्यांनी नाकाशी नेलं.

"वेलची!" त्या ओरडल्या. "उन्नती, वेलची वं! फुलावर होतं! माझं खरं होतं!"

उन्नतीनं फूल बघितलं आणि तिचे डोळे भोकरासारखे झाले. "मावशी, तेच आहे. शंभर टक्के तेच. पण एका चुरगळलेल्या फुलावर नोंद नाही होत. देठ पाहिजे, पान पाहिजे, मूळ पाहिजे. ते नेलं कुठे असेल?"

तेवढ्यात वरून, गावाच्या बाजूनं, डफडं वाजलं. आणि त्यामागून पंचवीस-तीस माणसांचा एकदम गलका, "घेऊन जा गे मारबत!"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. नागपूरच्या बाईला आणखी काही सांगावं लागत नाही. करीच्या सकाळी गावातली सगळी पीडा गावाबाहेर काढतात. दारांवरच्या पळसाच्या फांद्या, फुटके खराटे, जुनी फडकी, सगळं मारबतीबरोबर शिवेवर नेतात आणि पेटवून देतात. आणि संत्र्याच्या गावात बागवान माणसाच्या मते पीडा म्हणजे काय असतं?

"पळ!" सिंधूताई म्हणाल्या.

त्या नाल्यातून वर चढल्या तशा पुन्हा कधी चढल्या नाहीत आणि चढणारही नाहीत. चप्पल एकीकडे राहिली, प्रेस पाठीवर आपटत होती, मागून उन्नती "मावशी, पडाल!" म्हणत होती. वर आल्या तर समोरच गावची शीव, आणि शिवेवर ढीग. त्यावर बांबूची, फडकी गुंडाळलेली मारबत बसवलेली. खाली पळस, खराटे, आणि एका अंगाला ओल्या हिरव्या पट्ट्यांचा भारा. पांढरा दुपट्टा खांद्यावर टाकलेला एक उंच म्हातारा वाकून आगपेटी उघडत होता.

"थांबा! थांबा ना जी! काडी लावू नोका!"

डफडं बंद पडलं. म्हातारा वळला, त्यानं धापा टाकणाऱ्या सिंधूताईंकडे बघितलं, उन्नतीकडे बघितलं आणि त्याच्या तोंडावर एकदम हसू फुटलं. "या बाई, या! मीच गणपतराव. तुमचीच वाट पाहून राहिलो होतो. पाहा, जांभळीवर एक पान ठेवलं नाही. सकाळीच या रुपरावले शिडी लावून चढवलं."

"काहून तोडला हो?" सिंधूताईंचा आवाज फाटला.

"आता घ्या! तुमीच त फोन केला! बांदा आहे का म्हनून इचारलं, कॉलेजच्या मॅडम येऊन राहिल्या म्हनून सांगतलं. मी समजलो तपासनी होय. मॅडमनं बांदा पाह्यला असता त काय म्हनल्या असत्या? का रेवतकराले बाग ठेवता येत नाही!"

सिंधूताईंना वाटलं, आपल्याच थोबाडीत मारून घ्यावी. पुन्हा तोच शब्द! एकदा त्या शब्दानं सगळ्या सहलीसमोर हसं केलं, आणि आता तर तोच शब्द फोनवरून जाऊन झाडच खाऊन आला होता. विक्कीकडून काढलेला नंबर, पोळ्याचा मुहूर्त, सगळं त्यांनीच जुळवून आणलं होतं. त्या पुढं झाल्या आणि त्यांनी सरळ ढिगात हात घातला.

"अवं बाई! हात नोको लावू!" गणपतरावांच्या मागून त्यांची बायको शोभाताई धावत आली. बायांमध्ये एकच कालवा. "मारबतीले देलेलं वापस घेत नाहीत. पीडा वापस येते गावात. लहान लहान लेकरं आहेत आमची!"

सिंधूताईंचा हात तसाच थांबला. त्यांच्या घरी बौद्ध दीक्षेपासून, म्हणजे त्यांच्या आजीच्या वेळेपासून, असलं काही मानत नाहीत. त्यांनी आयुष्यात कधी मारबतीला हात जोडले नव्हते. पण गाव परकं, शीव परकी, आणि समोरच्या बायांच्या तोंडावर खरंच भीती होती. परक्याच्या दारात जाऊन तुमची भीती खोटी म्हणून सांगायला त्या काही देवस्थळे सर नव्हत्या. त्यांनी हात काढून घेतला.

"नाही घेत," त्या म्हणाल्या. "तुमचं गाव, तुमची रीत. पण गणपतराव, तुमी बागवान. तुमाले दोन गोष्टी इचारते, तेवढं सांगा. मंग खुशाल काडी लावा."

"इचारा ना."

"संत्र्यावरचा बांदा तोडला की फांदीत काय राहते?"

"गाठ राहते," गणपतराव लगेच म्हणाले. हा त्यांचा प्रांत होता. "मूळ लाकडात घुसलं राहते ना. नुसतं तोडून काय होते? फांदीच कापा लागते, नाही त महिन्याभरात पुन्हा फुटते. चाळीस वर्षं तेच करून राहिलो."

"मंग आज जांभळीच्या किती फांद्या कापल्या?"

गणपतरावांनी रुपरावकडे बघितलं. रुपराव खांद्यावरचा कोयता सारखा करत म्हणाला, "एकबी नाही. कोयता लागलाच नाही जी. हातानंच निघालं. सालीवर नुसतं चिकटून होतं, सोललं का निघे."

"गाठ?"

"नाही पाह्यली."

गणपतरावांनी आगपेटी खिशात टाकली. बायकोकडे न बघता ते ढिगापाशी उकिडवे बसले, आणि ज्या हातानं मारबतीला दिलं होतं त्याच हातानं त्यांनी भाऱ्यातला एक झुबका थोडा बाहेर ओढला. मुळं सुतळीएवढी जाड, चपटी, पांढरी. त्यांनी नखानं एक मूळ खरवडलं, बोट ओलं करून त्यावर चोळलं. पांढरं मूळ त्यांच्या बोटाखाली हिरवं झालं. त्यांनी पुन्हा चोळलं. अजून हिरवं. मग दुसरं मूळ, तिसरं. एकाच्याही टोकाला लाकडाचा कण नव्हता.

"हे त झाडाचं काही खातच नाही!" ते म्हणाले.

"नाही खात," सिंधूताई म्हणाल्या. "पावसाचं पाणी पेते, हवेतलं घेते. झाडाले फक्त पकडून बसते."

"भाडेकरू म्हना ना," मागून कोणी तरी म्हणालं.

"भाडं देत नाही पन!"

"नसन देत. घर त खात नाही ना बे!"

हशा पिकला, पण गणपतराव हसले नाहीत. ते त्या मुळाकडे बघतच राहिले. "चाळीस वर्षं बागवानी करून राहिलो," ते हळू म्हणाले. "अन् बिनागुन्ह्याचं झाड तोडलं. तेबी करीच्या दिवशी." मग त्यांनी मान वर केली. "पन आता देलं ना मारबतीले. काय करा लागन?"

आणि मगाशी जिनं आकाशपाताळ एक केलं होतं तीच शोभाताई पदर खोचत पुढं आली. "काय करा लागन म्हंजे? गावात कोन न्या म्हनते? पीडा शिवेच्या बाहेर काढाची असते. जांभूळ कोठी आहे? शिवेच्या बाहेरच आहे ना? मंग इथूनच उचला अन् तिकडच्या तिकडे न्या. गावात एक पान आनाल त पाहा!"

असा तोडगा काढायला शहरात समिती बसवतात. इथं अर्ध्या मिनिटात झाला. गणपतरावांनी भारा उचलून ढिगापासून लांब आणून ठेवला, बायांनीच "आता लावा काडी" म्हणून घाई केली, मारबत धडाधडा पेटली, आणि सिंधूताई चिखलात मांडी घालून एकेक झुबका सोडवू लागल्या.

"एक! पाहा, मुळं साबूत आहेत. दोन! याले तुरा आहे, उन्नती, तुरा आहे वं! हळू धर! तीन!"

सात झुबके निघाले. चारांना फुलांचे तुरे. त्यातला एक तुरा बुडाशी मोडलेला, पण फुलं सगळी जागेवर, बावीस. बाकीचे तीन धड. उन्नती जमिनीवर पालथी पडून फोटो काढत होती आणि मध्येच स्वतःशी हसत होती. गावातली पोरंबाळं भोवती जमली, प्रत्येकाला वास घ्यायचा होता. शोभाताईंनी वास घेतला आणि म्हणाल्या, "बासुंदीत टाकता येते का?" सिंधूताई अशा ओरडल्या की पुन्हा कोणी तो विषय काढला नाही.

सगळ्या गावाला मागे घेऊन परत जांभळीशी गेल्यावर गणपतरावांनी कोणाला हात लावू दिला नाही. कलम करताना जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधायची प्लॅस्टिकची पट्टी त्यांनी रुपरावला पाठवून बागेतल्या खोपटातून आणवली. मग शेवाळ पुन्हा खोडाला लावून, त्यावर मुळं पसरून, खालून वर पट्टी गुंडाळत त्यांनी एकेक झुबका असा बांधला की उन्नती बघतच राहिली. जास्त आवळलं तर मूळ मरतं, ढिलं ठेवलं तर धरत नाही. हे त्यांना कोणी सांगावं लागलं नाही. सातवा झुबका बांधून झाल्यावर ते शिडीवरून उतरले, हात दुपट्ट्याला पुसले आणि थोडे घुटमळले.

"बाई, एक सांगू? रागावाल त नाही?"

"आता काय राहिलं रागवाचं? सांगा."

"हे सात म्हंजे काहीच नाही जी. वर कुंडावर एक आंबा आहे, माह्या बाच्याबी आधीचा. त्याच्यावर त..." त्यांनी दोन्ही हात पसरले आणि शब्द न सुचून तसेच ठेवले. "उद्या चार गडी घेऊन तोच साफ कराचा होता."

सिंधूताई पुढचं ऐकायला थांबल्याच नाहीत. "कोन्या रस्त्यानं?" असं त्यांनी विचारलं तेव्हा त्या चालायलाही लागल्या होत्या.

नाला वर वर अरुंद होत गेला. पाण्याचा आवाज वाढला. मग एक वळण आलं, आणि कुंड. वरून पातळ धार पडत होती, तिचे तुषार सगळीकडे, आणि त्या तुषारांत तो आंबा उभा होता. बुंध्यापासून वरच्या फांद्यांपर्यंत त्याची साल कुठे दिसतच नव्हती. नुसतं शेवाळ, ओलं, गादीएवढं जाड. आणि त्या शेवाळातून, प्रत्येक फांदीवरून, प्रत्येक बेचक्यातून, पांढरे-जांभळे तुरे खाली लोंबत होते. पंचवीस नाही, पन्नास नाही. वारा आला की सगळे एकदम हलत होते. अख्ख्या कुंडात वेलचीचा वास कोंदला होता.

उन्नती मोजायला लागली. एकशे चाळीसपर्यंत गेली, तिथं फांदी चुकली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा चुकली आणि मग तिनं वही मिटून सरळ नाचायलाच सुरुवात केली. कॉलेजात शिकवणारी बाई, दगडावर, सगळ्या गावासमोर. रुपराव घाबरून म्हणाला, "मॅडम, घसरन!" गणपतराव एका धोंड्यावर बसले होते. "उद्या," ते एवढंच म्हणत होते. "उद्या तोडनार होतो मी हे."

आणि सिंधूताई? त्या आंब्याखाली जाऊन उभ्या राहिल्या, मान वर करून, तोंडावर तुषार घेत. रडत होत्या की हसत होत्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं. "मी सांगतलं होतं," त्या म्हणाल्या. मग मोठ्यानं, कुंड दणाणेल अशा आवाजात, "मी सांगतलं होतं ना! सर, मी सांगतलं होतं!" सर जाऊन नऊ वर्षं झाली होती. पण सांगायचं ते सांगायचंच.

उन्हं वर आल्यावर भाकरी-ठेचा सगळ्यांत वाटून झाला आणि मग कामाला लागल्या. मोडलेला तुरा, एक पान, एक मूळ. आंब्याला हातसुद्धा लावायची गरज पडली नाही. सिंधूताईंनी पेपर उलगडला, तुरा त्यावर ठेवला, फुलांचे चेहरे एकेक करून बोटानं वर फिरवले, दुसरा पेपर टाकला, प्रेसचे पट्टे आवळले. हात एकदम निवांत. हे काम झोपेतसुद्धा झालं असतं.

उन्नतीनं बॅगेतून कोरी चिठ्ठी आणि पेन काढलं. "घ्या. अक्षर तुमचंच पाहिजे."

दगडावर वही ठेवून सिंधूताई लिहू लागल्या. वरच्या ओळीत उन्नतीनं सांगितलेलं लांबलचक शास्त्रीय नाव. मग ठिकाण, मोहझरी, तालुका काटोल. कशावर, जांभूळ. तारीख. स्थानिक नाव या ओळीशी त्या थांबल्या तर गणपतराव मागून घाईघाईनं म्हणाले, "बांदा नोका लिहू जी. वाचून कोनी तरी कोयता घेऊन येईन." सगळे हसले. ती ओळ तशीच सोडून सिंधूताई पुढच्या ओळीला आल्या. संग्राहक. पेन सरसर चाललं.

उन्नती खांद्यावरून बघत होती. ती हसायला लागली आणि मध्येच तिचं हसू कुठे तरी अडकलं. "मावशी," ती म्हणाली. "काय लिहिलं बघा."

सिंधूताईंनी चष्मा सारखा केला. मोत्यासारख्या अक्षरात तिथं लिहिलेलं होतं, 'डॉ. वि. ना.'

त्या बराच वेळ त्या अक्षरांकडे बघत बसल्या. उन्नतीनं ती चिठ्ठी हळूच त्यांच्या हातून काढून घेतली आणि दुसरी कोरी पुढं ठेवली. सिंधूताईंनी सगळ्या ओळी पुन्हा लिहिल्या. शेवटच्या ओळीशी आल्यावर त्यांनी पेन उचललं, बोटं पदराला पुसली आणि पाटीवर पहिल्यांदा अक्षर काढणाऱ्या पोरीसारखं एकेक अक्षर थांबून थांबून काढलं. 'सिंधू धोंडबा मेश्राम.'

अक्षर पार वाकडं आलं होतं. उन्नती चिठ्ठी घ्यायला वाकली तर सिंधूताईंनी तिचा हात बाजूला केला.

"थांब वं जराशी," त्या म्हणाल्या. "शाई वाळू दे."